शास्त्राधार आणि वहिवाट

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात श्रीपूर नावाचे गाव आहे. साखर कारखान्यामुळे ते पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजचा मुक्काम आटोपून बोरगावच्या वाटेस लागते, तेव्हा ती ह्याच गावावरून पुढे जाते. श्रीपूरच्या रस्त्यावर उभे राहिले म्हणजे एका अंगास अकलूज राहते आणि दुसऱ्या अंगास पंढरपूर. ह्या दोन गावांतील दोन देवळांच्या दारांवरून 1947 ते 1951 ह्या चार-पाच वर्षांत दोन वाद झाले. पंढरपुरास एका सत्पुरुषाने देवळाचे दार सर्वांस उघडावे म्हणून अन्न सोडले. अकलूजच्या वादात एका तपस्व्याने देवळाची मर्यादा राहावी म्हणून धान्य वर्ज्य केले. पहिले दार उघडले. दुसऱ्या देवळाचे कुलूप सरकारी अधिकाऱ्यांनी काढविले असताही उच्च न्यायालयाने देवळाच्या मालकांचाच पक्ष उचलून धरला.

इतक्या जवळच्या दोन गावांत, एकाच कायद्याच्या छायेत, असे दोन भिन्न शेवट का झाले, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे आपण एका जुन्या वादाच्या मुळाशी जाऊन पोहोचतो. जे आहे ते तसेच राहावे असे ज्यांस वाटते, त्यांस आपण स्थितिप्रिय म्हणू. हे लोक आपला पक्ष कशाच्या आधारावर मांडतात? देवाची किंवा शास्त्राची आज्ञा आहे म्हणून, की ही चाल जुनी, सोयीची व कायद्याने रक्षिलेली आहे म्हणून? पहिल्यास शास्त्राधार म्हणावे; दुसऱ्यास लौकिक आधार म्हणावे, आणि त्याचे आपल्याकडील घरगुती नाव वहिवाट. ह्या दोन आधारांचा महाराष्ट्रात गेल्या दीडशे वर्षांत कसा उपयोग झाला, आणि त्यांपैकी प्रत्येकाची किंमत कोणी दिली, हे आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

हा भेद केवळ आपल्या देशातला नव्हे. फ्रान्सच्या राज्यक्रांतीने सारे युरोप हादरले, तेव्हा तिला विरोध करणारे दोन प्रकारचे लोक पुढे आले. जोसेफ द मेस्त्र ह्याने त्या उत्पातात ईश्वरी शासनाचा हात पाहिला आणि राजसत्तेचा पाया धर्मपीठावरच उभा आहे असे प्रतिपादन केले. इंग्लंडात एडमंड बर्क ह्याने 1790 साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. बर्क श्रद्धाळू होता. परंतु त्याच्या युक्तिवादाचा भर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर आणि दीर्घकालीन भोगवट्याने दृढ झालेल्या हक्कांवर होता. त्याच्याही आधी ह्यूम हा तत्त्वज्ञ धर्माच्या बाबतीत संशयवादी असून राजकारणात अचानक बदलाविषयी अत्यंत सावध होता. म्हणजे स्थितिप्रिय माणूस श्रद्धावानच असला पाहिजे असे नाही, आणि श्रद्धावान माणूस स्थितिप्रियच असतो असेही नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे आपल्याकडचे वाद अधिक स्पष्ट दिसू लागतात.

आपल्याकडे आरंभी दोन्ही पक्षांची भाषा शास्त्राचीच होती. 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला. त्याच्यामागे बंगालच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीच्या आधारे केलेला खटाटोप होता. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी तोच झेंडा खांद्यावर घेतला. 1870 च्या मार्च महिन्यात पुण्यास शंकराचार्यांच्या पुढे ह्या विषयावर मोठी सभा भरली. दोन्ही बाजूंचे पंडित पोथ्या घेऊन बसले; वचनावर वचने पडली; अनेक दिवस वाद चालला. पंचांचा कौल अखेर विधवाविवाहाच्या विरुद्ध गेला. ह्या सभेविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जिच्या जन्माचा प्रश्न चालला होता ती विधवा त्या सभेत कोठेच नव्हती. शास्त्रार्थाच्या सभेत बोलण्याचा अधिकार शास्त्र पढलेल्यासच असतो. आणि शास्त्र पढण्याचा अधिकार तिला नव्हता. निकाल उलटा, म्हणजे सुधारकांच्या बाजूने लागला असता, तरीही तिला विचारल्यावाचूनच लागला असता.

त्यानंतर वीस वर्षांनी संमतिवयाचा वाद उपस्थित झाला. 1884 मध्ये बेहरामजी मलबारी ह्या पारशी गृहस्थाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य ह्यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ह्या विषयाने पेट घेतला. 1860 च्या दंडविधानात मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. 1890 साली कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी प्रौढ पतीच्या समागमाने मृत्यू पावली. तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे बलात्काराचे कलम तिच्या पतीस लागूच पडेना. दुसऱ्या हलक्या कलमाखाली त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली. 9 जानेवारी 1891 रोजी सर अँड्र्यू स्कोबल ह्यांनी कायदेमंडळात विधेयक मांडले आणि 19 मार्च रोजी ते मंजूर होऊन दहाचे वय बारा झाले. अवघ्या दहा आठवड्यांचा हा काळ. परंतु तेवढ्यात पुण्याचे वातावरण इतके तापले की फेब्रुवारीत क्रीडाभुवनात भरलेली सुधारकांची सभा उधळली गेली.

ह्या वादात एक मोठा चमत्कार दिसून येतो. सुधारक शास्त्राच्या भाषेत बोलत होते आणि त्यांचे विरोधक राजकारणाच्या. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृतचे जगन्मान्य पंडित. त्यांनी धर्मग्रंथांची छाननी करून असे दाखविले की गर्भाधानसंस्कार प्रथम ऋतुदर्शनीच झाला पाहिजे, नाही तर महत्पाप होते, हे म्हणणे शास्त्रास धरून नाही. तो लांबविता येतो. म्हणजे बारा वर्षांची मर्यादा घालणारा कायदा धर्माच्या आड येत नाही. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून भांडारकरांच्या वचनांचा प्रतिवाद केला हे खरे, परंतु त्यांच्या विरोधाचा कणा तो नव्हता. परकी सरकारने आमच्या घरात कायद्याचा हात घालू नये. समाजसुधारणा शिक्षणाने आणि लोकमताने व्हावी, शिक्षेच्या धाकाने होऊ नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा. त्याच्या जोडीला 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्याचा आधार होताच. त्यात प्रजेच्या धर्माचारात ढवळाढवळ करणार नाही असे अभिवचन दिलेले होते. टिळकांनी 1890 च्या अखेरीस तर अशी सूचना केली की ज्यांस सुधारणा हवी आहे त्यांनी प्रथम स्वतःस बांधून घ्यावे: मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये, मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर लग्न करणे झाल्यास विधवेशीच करावे. ही मर्यादा सरकारच्या बारा वर्षांहून किती तरी पुढची होती.

टिळकांचा हा युक्तिवाद पोकळ होता असे आज कोणी म्हणू नये. परकी सत्तेने केलेला कायदा लोकांच्या मनात रुजत नाही, हा त्यातील विचार अनुभवास उतरला. संमतिवयाच्या कायद्याखाली पुढे खटले फारच थोडे झाले. परंतु त्या युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की लोकमत तयार होईतोपर्यंत वाट पाहावयाची ती कोणी? ज्या मुलींचे वय त्या दिवशी दहा होते त्यांनी! ह्या गुंतागुंतीत गोपाळ गणेश आगरकर एकटेच निराळ्या जागी उभे राहिले. त्यांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ पत्र काढले होते. शास्त्र अनुकूल आहे की प्रतिकूल ह्या वादात शिरणेच त्यांस अमान्य होते. मुलीच्या शरीरास इजा होते की नाही हा प्रश्न वैद्याचा आणि विवेकाचा आहे. त्यासाठी स्मृतींचा कौल कशास हवा, असे त्यांचे म्हणणे. वचनाने मिळविलेला जय दुसऱ्या वचनाने हिरावला जाऊ शकतो, हे पुण्याच्या 1870 च्या सभेने दाखविलेच होते.

ह्यानंतरचे प्रकरण महाडचे. तेथे दोन्ही आधार एकाच वर्षात, एकाच तळ्याच्या काठी, एकामागून एक वापरले गेले. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांनी ठराव संमत करून घेतला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळे त्याप्रमाणे खुले केले. पण ते कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेस जमलेले लोक तळ्यावर गेले व त्यांनी पाणी प्राशन केले. ह्यावर पहिले उत्तर आले ते धर्माचे. दही, दूध, गोमूत्र आणि शेण ह्यांच्या एकशे आठ घागरी तळ्यात ओतून मंत्रोच्चारात ते शुद्ध करण्यात आले. दुसरे उत्तर डिसेंबरमध्ये आले, आणि ते सर्वस्वी निराळ्या भाषेत. काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. त्यात पाप-पुण्याचे नाव नव्हते. हे तळे खाजगी मालकीचे आहे आणि फार पुरातन काळापासून आमचाच त्यावर भोगवटा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने 14 डिसेंबर रोजी तात्पुरता मनाई हुकूम दिला. 25 डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो लोक सत्याग्रहास सिद्ध होते. परंतु प्रतिपक्षाने ज्या न्यायालयाचा आश्रय घेतला त्याचा हुकूम डॉ. आंबेडकरांनी पाळला आणि सत्याग्रह तहकूब केला. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. म्हणजे शास्त्राच्या उत्तरास त्यांनी अग्नीने उत्तर दिले आणि वहिवाटीच्या उत्तरास पुराव्याने द्यावयाचे ठरविले.

तो दावा दहा वर्षे चालला. मुंबईच्या उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी अखेरचा निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले. आणि वादी ज्या अनादि वहिवाटीचा हवाला देत होते ती त्यांस सिद्ध करता आली नाही. इथे लौकिक युक्तिवादाचे सारे मर्म आहे. एकशे आठ घागरींचा खरेपणा कोणत्या न्यायालयात तपासावयाचा? त्यास पुरावा लागत नाही आणि त्याचे खंडनही होऊ शकत नाही. वहिवाट मात्र साक्षीपुराव्यावर उभी राहते किंवा पडते. ती कधीपासून, कोणी पाळली, कोणी मोडण्याचा यत्न केला, हे सारे विचारले जाते. आणि विचारणारा केवळ न्यायाधीश नसतो, प्रतिवादीही असतो. 1870 च्या सभेत विधवेस जागा नव्हती. 1937 च्या निकालात ज्यांच्या तहानेचा प्रश्न होता ते स्वतः प्रतिवादी म्हणून उभे होते आणि त्यांचे नेते कायद्याचे पंडित होते. स्थितिप्रियांनी लौकिक भाषा पत्करली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले नसावे की ही भाषा समोरच्यासही येते.

आता पंढरपूरकडे वळू. 1938 साली मुंबई प्रांतात मंदिरांविषयी पहिला कायदा झाला. त्याने कोणावर सक्ती केली नाही. देवळाच्या विश्वस्तांस इच्छा झाल्यास त्यांनी देऊळ हरिजनांस खुले करावे, त्यांच्या आड जुन्या वहिवाटीचा अडथळा येऊ नये, एवढीच सोय केली. हरिजन हा त्या काळच्या कायद्यातील शब्द. सुधारणा संमतीने व्हावी हे 1891 मधील म्हणणे ह्या कायद्याने जणू मान्य केले. संमतीस नऊ वर्षांची मुदत मिळाली, तरी पंढरीच्या विठोबाचे दार उघडले नाही. तेथे बडवे, उत्पात आणि सेवाधारी ह्यांचे वंशपरंपरेचे हक्क होते आणि त्या हक्कांचे दावे न्यायालयांत फार पूर्वीपासून चालत आलेले होते. दुसरीकडे महाद्वाराशी चोखोबांची समाधी होती. ज्या संताचे अभंग देवापुढे गाइले जात, त्याच्या जातीच्या माणसास पायरीच्या आत पाऊल घालता येत नसे. चोखोबा बाहेर राहिले ही मर्यादा आहे असे एक पक्ष म्हणे. त्यांस बाहेर ठेवले ही लाज आहे असे दुसरा म्हणे.

साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा काढून लोकमत जागे केले आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास प्रारंभ केला. त्यांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला नाही. त्यांची सारी भिस्त भक्तीवर होती. वारकऱ्यांच्या देवापुढे भेद नाही, हे वारकऱ्यांसच आठवून द्यावयाचे होते. 1891 प्रमाणे येथेही सुधारक धर्माची भाषा बोलत होता आणि हक्कांची, रिवाजाची, अधिकाराची भाषा दुसऱ्या बाजूस अधिक होती. केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर मध्यस्थीस आले. दहाव्या दिवशी, 10 मे रोजी, बडव्यांनी मान्यता दिली आणि उपोषण सुटले. तथापि ज्यांचा आधार शुद्ध शास्त्राचा होता त्यांचे समाधान झाले नाही. काहींनी मूर्तीतील देवत्व मंत्राने घागरीत काढून घेतले असे सांगतात. ह्या गोष्टीस हसणे सोपे आहे. परंतु तिच्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे हेही मान्य केले पाहिजे. त्या मंडळींनी आपल्या श्रद्धेचे रूपांतर मालमत्तेच्या दाव्यात केले नाही. आपल्यापुरता देव त्यांनी बाजूस काढला आणि देऊळ दुसऱ्यांस सोडले.

त्याच वर्षी मुंबई सरकारने नवा हरिजन मंदिरप्रवेश कायदा केला. त्यात संमतीचा प्रश्न उरला नाही. प्रवेश हा हक्क झाला. ह्या कायद्याच्या व्याख्येत हिंदू ह्या शब्दाखाली जैनांचाही समावेश होता, आणि येथूनच अकलूजचे प्रकरण उद्भवले. दिगंबर जैनांचे आचार्य शांतिसागर महाराज ह्यांस जैन मंदिरांवरील हे आक्रमण वाटले. त्यांनी 1948 मध्ये धान्याहाराचा त्याग केला आणि तो तीन वर्षे पाळला. अकलूजच्या जैन मंदिराचे कुलूप सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आज्ञेने काढण्यात आले, तेव्हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला.

तेथे 1951 साली जो युक्तिवाद झाला तो लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. जैनांच्या बाजूने असे सांगण्यात आले नाही की अमुक जातीच्या स्पर्शाने मूर्ती विटाळते. म्हणणे असे होते की जैन धर्म हा स्वतंत्र धर्म आहे. जैन मंदिरात प्रवेश करण्याचा हक्क कोणत्याच हिंदूस, मग तो ब्राह्मण असो की आणखी कोणी, नाही. म्हणून तो हरिजनासही नाही. मुख्य न्यायाधीश छागला ह्यांच्या पीठाने हे मान्य केले. कायद्याचा हेतू हरिजनांस इतर हिंदूंच्या बरोबरीस आणण्याचा आहे. जेथे इतर हिंदूंसच कायद्याने किंवा रूढीने हक्क नाही तेथे नवा हक्क निर्माण होत नाही, असे त्यांनी ठरविले. आचार्यांचे व्रत त्यानंतर सुटले.

पंढरपूर व अकलूज ह्यांच्या शेवटांत फरक का पडला, ह्याचे उत्तर आता सापडते. पंढरपुरास दार बंद होते ते त्याच धर्माच्या, त्याच देवाच्या भक्तांस. तेथे ‘हे आमचे आहे’ असे म्हणणाऱ्यास ‘आम्ही कोण आहोत?’ हा प्रतिप्रश्न विचारता येत होता आणि त्यास उत्तर नव्हते. अकलूजला दार बंद होते ते सर्वच परधर्मीयांस सारखे, असे न्यायालयास पटले. एक व्रती आणि एक वकील ह्यांनी दोन निराळ्या भाषांत एकच गोष्ट सांगितली, आणि ती दोन्ही भाषांत टिकली. तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. त्या खटल्यात एका बाजूस जैन गृहस्थ होते आणि दुसऱ्या बाजूस सरकार. ज्यांच्या नावाने कायदा झाला होता त्यांचा वाद त्यांच्या वतीने सरकारच करीत होते. महाडच्या प्रतिवादींची जागा येथे रिकामी होती.

अकलूजचा हा निकाल पाहून कोणास मोह पडेल की स्वतंत्र धर्म म्हणवून घेतले म्हणजे कायद्यातून सुटका होते. तसा प्रयत्न झालाही. त्याच मुंबई इलाख्यात, अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरांच्या वतीने 1948 च्या जानेवारीत दावा लावण्यात आला. आमचा पंथ हिंदू धर्माहून निराळा आहे, म्हणून मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हांस लागू नाही, असे त्यात म्हटले होते. हा दावा अठरा वर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 जानेवारी 1966 रोजी फेटाळला गेला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे. अकलूजच्या खटल्यातही ते छागलांच्या समवेत पीठावर होते. हिंदू धर्म म्हणजे काय ह्याचे विस्तृत विवेचन त्यांनी ह्या निकालात केले. ह्या दाव्यातील विपर्यास कोणाच्याही ध्यानात येईल. धर्माच्या रक्षणासाठी निघालेले लोक, कायद्याच्या कलमातून निसटण्यासाठी, आपण त्या धर्माचेच नव्हे असे शपथेवर सांगू लागले. लौकिक युक्तिवाद केवळ साधन म्हणून हाती घेतला आणि त्यामागील श्रद्धेशी त्याचा संबंध तुटला, म्हणजे असा प्रसंग येतो. ज्याचे रक्षण करावयाचे तेच वादात गमवावे लागते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. पंढरपूरच्या देवळासाठी 1973 साली स्वतंत्र कायदा झाला. तो 1985 मध्ये प्रत्यक्ष अंमलात आला. आणि बडवे-उत्पातांच्या वंशपरंपरागत हक्कांचा शेवटचा दावा जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. 1947 च्या कायद्याची जागा 1956 च्या कायद्याने घेतली. साठ वर्षांनी, 2016 साली, शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांस जाता येईल की नाही हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा त्याच 1956 च्या कायद्याचा आधार स्त्रियांच्या उपयोगी पडला. तेथेही चारशे वर्षांच्या रिवाजाचा हवाला दिला गेला होता. एका वर्गासाठी लढून मिळविलेले हक्काचे शब्द दुसऱ्या वर्गाच्या कामी आले.

ह्या साऱ्यावरून काय निष्पन्न होते? स्थितिप्रिय असणे हा काही अपराध नव्हे. जुन्यात जे चांगले आहे ते उतावळेपणाने मोडू नये, असे सांगणारा पक्ष प्रत्येक समाजास हवाच असतो. त्याने शास्त्राच्या आधाराने बोलावे की लौकिक, हाही त्याच्या निवडीचा प्रश्न आहे. शास्त्राच्या आधाराने बोलणारा आपल्या श्रद्धेशी प्रामाणिक राहतो. परंतु जो ती श्रद्धा मानीत नाही त्यास बांधण्याचा अधिकार त्यास पोहोचत नाही. लौकिक आधाराने बोलणारा सर्वांशी बोलू शकतो. परंतु मग सर्वांस उत्तर देण्याचा अधिकार त्याने दिलेला असतो, आणि पुरावा विरुद्ध गेला तर हार मानण्याचे बंधनही त्याने पत्करलेले असते. दोष आहे तो सोयीप्रमाणे एका आधारावरून दुसऱ्यावर उडी मारण्यात. वहिवाट सिद्ध झाली नाही की शास्त्र पुढे करावयाचे आणि शास्त्र उलट निघाले की वहिवाट. अशा माणसास कोणताच निकाल बांधीत नाही, आणि ज्याचे त्यामुळे नुकसान होते त्यास दाद कोठे मागावी हे कळत नाही.

सुधारकांसही हेच माप लावले पाहिजे. 1891 मध्ये भांडारकरांनी वचनांच्या बळावर मुलींचे रक्षण करू पाहिले. वचने विरुद्ध निघाली असती तर त्यांनी त्या मुलींस सोडून दिले असते काय? खात्रीने नाही. मग आगरकरांनी केली तशी खरी गोष्ट आधीच स्पष्ट सांगणे अधिक सरळ झाले नसते काय? उलट साने गुरुजींची भाषा धर्माची होती आणि श्रद्धाही धर्माचीच होती. म्हणून ती ज्यांच्याशी बोलली त्यांच्या अंतःकरणास जाऊन भिडली.

आषाढात श्रीपूरच्या रस्त्याने दिंड्या जातात. त्यांत आज सर्व जातींची माणसे असतात, आणि पंढरीस पोहोचल्यावर महाद्वारातील चोखोबांच्या समाधीवर माथा टेकून ती आत जातात. ह्या समाधीशी क्षणभर थांबणाऱ्याने एवढेच आठवावे की हे दार शास्त्रार्थाने उघडले नाही आणि केवळ कायद्यानेही उघडले नाही. जो बाहेर उभा होता त्याचा प्रश्न आत असलेल्यांनी अखेर आपला मानला, तेव्हा ते उघडले. त्यास किती शतके लागली ह्याचा हिशेब मात्र आत असलेल्यांनी नव्हे, बाहेर उभे राहिलेल्यांनीच मांडावयाचा आहे.